आधी ऊब, मग पाणी

मार्च उजाडला की बर्मिंगहॅमहून माझ्या फोनवर एक फोटो येतो. मातीनं भरलेली कुंडी, मधोमध बोटभर वाळका दांडा, आणि खाली आपाचा एकच शब्द : "आता?" मी लिहिते, "थांब." चार दिवसांनी पुन्हा तोच फोटो, तोच प्रश्न. दोन वर्षांपूर्वी मात्र तिनं विचारलंच नव्हतं, आणि त्याची किंमत आम्हा दोघींना मोजावी लागली. या महिन्याचा लेख त्याच गोष्टीवर आहे. डेलियाचा कंद वसंतात जागा कधी करायचा आणि कसा, हे मी त्या वर्षी आपाबरोबर शिकले.

माझे दुल्हाभाई तिकडे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. घरामागे गोधडीएवढी जमीन, तिच्यात दरवर्षी डेलिया. आम्ही मिरजेहून फोन केला की आधी तब्येतीचं विचारायचे, मग फुलांचं सांगायचे. ऑक्टोबरच्या शेवटी झाडं काळी पडली की ते कंद खणून काढत, उलटे टांगून सुकवत आणि कोरड्या भुशात घालून गॅरेजमधल्या खोक्यांत ठेवत. त्या वर्षीही त्यांनी ते केलं. नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांचा इंतकाल झाला.

आपा इद्दतीत होती. फेब्रुवारीत एक दिवस गॅरेजमध्ये काही शोधताना तिला ती खोकी दिसली. अकरा कंद. प्रत्येकाला आइस्क्रीमची काडी बांधलेली आणि काडीवर दुल्हाभाईंच्या हातचं पेन्सिलीचं उर्दू. फुलांची पुस्तकी नावं नाहीत, त्यांनी स्वतः ठेवलेली नावं : 'मिरज', 'बरकत', 'शेजारचा पिवळा', 'अम्मी'. ते वाचून तिला राहवेना. त्याच दिवशी तिनं अकराही कंद मोठ्या भांड्यांत लावले, स्वयंपाकघरातल्या रेडिएटरपाशी ठेवले आणि लहानपणी मिरजेच्या अंगणात मोगऱ्याला घालायची तसं रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं.

तीन आठवड्यांनी घरात वास यायला लागला तेव्हा तिचा मला फोन आला. "छोटी, मी काय चुकले गं?" मी व्हिडिओवरून एकेक कंद हातात घ्यायला लावला. सहा कंद दाबताच बोटांत पिचले. आत नुसता लगदा होता. आपानं ते सहा टाकून दिले, पण त्यांच्या काड्या धुऊन, पुसून कपाटात ठेवल्या. उरले पाच.

निजलेल्याला पाणी पाजत नाहीत

काय चुकलं होतं, ते समजून घेऊ. कारण हीच चूक सर्वांत जास्त होते, आणि ती निष्काळजी माणसाच्या हातून नाही, जीव लावणाऱ्याच्या हातून होते.

डेलिया मूळचा मेक्सिकोचा आणि मध्य अमेरिकेतल्या उंच डोंगराळ मुलखाचा. अठराव्या शतकाच्या शेवटी तो तिथून स्पेनमध्ये माद्रिदला पोचला. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९१ मध्ये आंद्रेयास डाल या स्वीडनच्या अभ्यासकाच्या नावावरून त्याला 'डेलिया' हे नाव दिलं. मेक्सिकोनं १९६३ मध्ये त्याला राष्ट्रीय फूल ठरवलं. या इतिहासात आपल्या कामाची गोष्ट एकच. त्या डोंगरांत हिवाळा कोरडा असतो. त्या कोरड्या दिवसांत वरचं झाड मरतं आणि कंद जमिनीत झोपतो. हवा तापली, पाऊस पडू लागला की उठतो. म्हणजे झोप कोरड्यात आणि जाग उबेत. हा क्रम त्याच्या रक्तातच आहे.

झोपलेल्या कंदाला पाणी पिणारी बारीक मुळं नसतात आणि पाणी उडवून टाकणारी पानंही नसतात. घातलेलं पाणी जातं कुठे? कुठेच नाही. मातीत साचून राहतं. मातीतली हवा संपते, बुरशी धरते आणि कंद सडतो. ऊब मिळाली की आधी डोळा फुगतो, मग कोंब आणि मुळं येतात. पाणी मागणारं झाड तयार होतं ते त्यानंतर. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी ऊब, मग पाणी.

महिना नको, उलटं गणित करा

"मग लावायचं कधी? तारीख सांग," आपा म्हणाली. बागकामाच्या पुस्तकात 'मार्च-एप्रिल' असं लिहिलेलं असतं, पण का ते बहुधा सांगितलेलं नसतं. मी शाळेत मुलांना शिकवते तसं तिला उलटं गणित करायला सांगितलं.

इंग्लंडमध्ये रात्री पारा शून्यापाशी गेला की दव गोठतं. तिकडे त्याला फ्रॉस्ट म्हणतात. एका रात्रीच्या फ्रॉस्टनं डेलियाचं कोवळं झाड सकाळी शिजवलेल्या पालकासारखं काळं होऊन पडतं. तिकडच्या बऱ्याच भागांत मे महिन्याच्या मध्यापर्यंत अशी एखादी रात्र येऊ शकते. म्हणून झाड उघड्यावर लावायचं ते मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला. तिथून सहा ते आठ आठवडे मागे मोजा. उत्तर येतं मार्चची अखेर ते एप्रिलचा मध्य. कंद घरात जागा करण्याची वेळ ती.

त्याआधी का नको? फेब्रुवारीत तिकडे ऊन कमी आणि दिवस लहान. घरातल्या उबेनं कोंब निघतो, पण उजेड पुरत नाही. मग तो उजेड शोधत लांबुळका, पिवळट, दोऱ्यासारखा वाढतो. शिवाय मेपर्यंत त्याला बाहेर जागा नाही. तीन महिने खिडकीत कोंडलेलं झाड पुढे कमजोरच राहतं.

आणि उशीर केला तर? तर फार बिघडत नाही. एप्रिलच्या अखेरीला किंवा मेमध्ये कंद थेट जमिनीतच, साधारण १० ते १५ सेंटिमीटर खोल लावला तरी चालतो. कोंब वर येईपर्यंत फ्रॉस्ट सरलेला असतो. फुलं काही आठवडे उशिरा येतात, एवढंच. घरात आधी जागा करण्याचा फायदा म्हणजे फुलं लवकर येतात आणि कोवळ्या वयात गोगलगाईंपासून झाड वाचतं. थोडक्यात, उशीर माफ होतो, घाई माफ होत नाही.

आपाची इद्दत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण होत होती. गणिताचं उत्तरही तेच आलं. ती फोनवर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. तोवर खोक्यातच ठेवते."

कंद ओळखावा कसा

पाच कंद तिनं पुन्हा सुकवून, थंड पण न गोठणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवले. झोपेसाठी ५ ते १० अंशांच्या आसपास थंडावा चांगला. मार्चअखेर आम्ही एकेक तपासला.

पहिली परीक्षा हाताची. चांगला कंद बटाट्यासारखा घट्ट लागतो. साल थोडी सुरकुतली असेल तर हरकत नाही. पोकळ, कागदासारखा हलका झाला असेल तर तो वाळून गेला. मऊ, ओला, वास येणारा असेल तर सडला. सडका भाग थोडाच असेल तर स्वच्छ, धारदार सुरीनं पांढरा निरोगी गर लागेपर्यंत कापून काढा. जखम एक-दोन दिवस हवेत सुकू द्या, मगच लावा.

दुसरी परीक्षा डोळ्याची, आणि इथेच आपण सगळे फसतो. आपल्याला बटाट्याची सवय. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कुठूनही तुकडा करा, डोळा आला की उगवतो. कारण बटाटा हे फुगलेलं खोड आहे. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. त्याच्या अंगावर डोळा नसतोच. डोळे असतात फक्त मानेच्या वर, जिथे सगळे कंद जुन्या दांड्याला येऊन मिळतात त्या जागी. म्हणून मान मोडलेला किंवा दांड्याचा तुकडा सोबत न आलेला कंद कितीही गलेलठ्ठ असो, तो मातीत महिनोन्‌महिने ताजा राहील पण उगवणार नाही. उलट अंगठ्याएवढा बारका कंद, पण मानेवर एक डोळा असेल तर पुरे.

आपाच्या पाचांत सर्वांत मोठा होता 'बरकत'. तो पाहूनच तिला धीर आला होता. मी व्हिडिओत पाहिलं तर त्याची मान आधीच तुटलेली, बहुतेक फेब्रुवारीत भांड्यातून काढताना. मला तेव्हाच कळलं होतं. पण मी बोलले नाही. "लाव," एवढंच म्हणाले. आज वाटतं, सांगायला हवं होतं. तिनं त्या कुंडीची दोन महिने वाट पाहिली.

'अम्मी'ची एक बाजू सडली होती. आपानं ती कापून काढली. उरला एक छोटा कंद, आणि मानेवर टाचणीच्या डोक्याएवढा डोळा. तो डोळा की मातीचा खडा, हे आम्हा दोघींना सांगता येईना.

कुंडीत लावताना

इथे एक गमतीची अडचण आली. भाच्यानं मातीची पिशवी आणली. आपा पिशवीवरचं वाचून म्हणाली, "यावर कंपोस्ट लिहिलंय." मी ओरडलेच, "नुसत्या खतात लावू नकोस!" आपल्याकडे कंपोस्ट म्हणजे कुजवलेलं खत. इंग्लंडमध्ये मात्र कुंडीत भरायच्या तयार मिश्रणालाच कंपोस्ट म्हणतात. 'मल्टिपर्पज कंपोस्ट' लिहिलेली पिशवी म्हणजे आपल्या भाषेत कुंडीची माती. तुमची मुलं-सुना तिकडे असतील तर फोनवर सल्ला देताना हा फरक ध्यानात ठेवा.

आता कृती. कंद सैल मावेल एवढी, दोन-तीन लिटरची कुंडी घ्या. रंगाची जुनी बादलीही चालेल, पण तळाला भोकं हवीतच. मिश्रण आधीच किंचित ओलसर करा. मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब पडू नये. अर्धी कुंडी भरा. जुना दांडा वर आणि कंद खाली, असा तो ठेवा. भोवतीनं मिश्रण भरा, पण मान बुजवू नका. जिथे डोळे आहेत ती जागा मातीच्या पातळीला किंवा जराशी वर दिसत राहू द्या. काडीवर पेन्सिलीनं नाव लिहून खोचा. पेनाची शाई ओलीत धुऊन जाते, पेन्सिल टिकते. दुल्हाभाईंच्या काड्या म्हणून तर वाचता आल्या.

कुंडी ठेवायची ती १५ ते १८ अंशांच्या उबेत, उजेडाच्या खिडकीत. रेडिएटरवर नको, तिथे खालून भाजून निघते. कोंब दिसेपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. माती अगदी कोरडी पडली तरच कडेकडेनं दोन चमचे. कोंब आला, पानं फुटली की हळूहळू पाणी वाढवा. दर दोन-तीन दिवसांनी कुंडी थोडी फिरवा, म्हणजे झाड एका बाजूला कलणार नाही.

कोंब साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसतो. काही कंद सहा-सात आठवडेही घेतात. एकाच खोक्यातले, एकाच दिवशी लावलेले कंदसुद्धा एका दिवशी उठत नाहीत. शाळेत वर्गातली सगळी मुलं एकाच दिवशी वाचायला शिकतात का? तसंच.

आपाचे तीन कंद तिसऱ्या आठवड्यात उगवले. 'मिरज'चा कोंब गडद लालसर निघाला. 'अम्मी' आणि 'बरकत' गप्प. ती रोज बोट घालून पाहायची. मी म्हणाले, "आपा, वरची माती फुंकर मारून सरकव आणि मान बघ. खणू नकोस. नवी मुळं असतील तर तुटतील." तिनं खणणं थांबवलं. पाणी घालण्याची तिची सवय मात्र सुटेना. अखेर तिनं तांब्या कपाटात ठेवला आणि चमचा घेतला.

बाहेरची सवय

एप्रिलच्या अखेरीस झाडं वीतभर झाली. आता त्यांना बाहेरच्या वाऱ्याची सवय लावायची. दिवसा कुंड्या बाहेर, आडोशाला. संध्याकाळी आत. असं सात ते दहा दिवस. घरात वाढलेलं पान एकदम उन्हात-वाऱ्यात गेलं तर करपतं. आणि सवय लागली तरी मेची अखेर होईपर्यंत रात्रीच्या हवामानाचा अंदाज पाहत राहायचं.

मेच्या पहिल्या आठवड्यात तिकडे छान ऊन पडलं. शेजारच्या बागेत लोक अर्ध्या बाह्यांत बसले होते. आपाला वाटलं, झाला उन्हाळा. तिनं कुंड्या बाहेरच ठेवल्या. त्या रात्री ईशानंतर तिनं सहज अंदाज पाहिला. पारा १ अंशावर येणार होता. भाचा कामावर. पंचावन्न वर्षांची माझी बहीण एकेक कुंडी उचलून आत घेऊन आली. सकाळी गवत पांढरं झालेलं. हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि त्यात एक वेगळाच सूर होता. या वेळी तिनं मला विचारलं नव्हतं. तिला कळलं होतं.

कुंड्या आत आणणं शक्य नसेल तर रात्रीपुरती जुनी चादर किंवा वर्तमानपत्र झाडावर पांघरा, सकाळी काढून घ्या.

मेअखेरीला झाडं जमिनीत गेली. उन्हाची जागा, पाणी न साचणारी. दोन झाडांत साधारण ६० सेंटिमीटर अंतर. टेकूची काठी आधी रोवायची, मग झाड लावायचं. नंतर काठी ठोकली तर ती नेमकी कंदातून जाते. लावल्यावर मात्र भरपूर पाणी, कारण आता ते पिणारी मुळं आणि पानं आहेत. पुढचे काही आठवडे रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचायच्या. तिकडच्या बिनशंखाच्या गोगलगाई कोवळा डेलिया एका रात्रीत फस्त करतात.

झाड ३० ते ४० सेंटिमीटरचं झालं की शेंडा खुडायचा. खालून तीन-चार जोड्या पानं ठेवून वरचा कोंब चिमटीनं तोडायचा. आपा तयार होईना. "इतक्या मुश्किलीनं वाढलंय, आणि तोडू?" पण शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात. झाड ठेंगणं, भरदार होतं आणि एकाऐवजी अनेक फुलं देतं. तिनं 'बिस्मिल्ला' म्हणून 'मिरज'चा शेंडा खुडला आणि तो पाण्याच्या पेल्यात ठेवला.

आणि आपल्याकडे?

आता मिरज, सोलापूर, औरंगाबाद, मालेगावच्या भगिनी म्हणतील, आम्ही काय करायचं? तुम्ही नेमकं उलटं करायचं. हे मला माझ्या स्वतःच्या चुकीनं शिकवलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका इंग्रजी पुस्तकात 'वसंतात लावा' असं वाचून मी मार्चमध्ये शाळेच्या वाफ्यात डेलियाचे कंद लावले. आठवीच्या मुलींनी आळीपाळीनं पाणी घातलं. कोंब आले, मुली आनंदल्या. एप्रिलच्या उन्हात पानं कडेनं जळाली. मेच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा वाफ्यात काहीच उरलं नव्हतं. पुस्तक खोटं नव्हतं. ते थंड देशातल्या वसंताबद्दल बोलत होतं, आणि मी फक्त महिना वाचला होता.

डेलियाला गोठणं सोसत नाही, तसा भाजून काढणारा उन्हाळाही सोसत नाही. त्याला हवी मधली हवा. ती हवा इंग्लंडमध्ये मेअखेरीला येते. आपल्या पठारावर ती पावसाळा सरल्यावर येते. म्हणून आपल्याकडे कंद किंवा रोप लावायचं सप्टेंबरच्या अखेरीला किंवा ऑक्टोबरात, जोराचा पाऊस थांबल्यावर. फुलं येतात डिसेंबर ते फेब्रुवारी. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं ते उगाच नाही. आपल्या फुलांचा खरा मोसम तो.

हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्या कुंडीतल्या डेलियाची पानं पिवळी पडत असतील. घाबरून पाणी वाढवू नका. कमी करा. झाड सुकलं की बोटभर दांडा ठेवून कापा, कंद हलक्या हातानं खणा, मान जपा. सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत घालून घरातल्या सर्वांत थंड, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहा, सडलेला असेल तो काढा. पाऊस सरला की वर सांगितलेलीच कृती : ओलसर माती, मान वर, पाणी नंतर. फक्त उबेची खिडकी शोधायची गरज नाही, सावलीचा आडोसा शोधा.

तुमचं कुणी केपटाऊनला असेल, आणि कोकणातल्या कित्येक घरांचं पिढ्यान्‌पिढ्या तिकडे आहे, तर त्यांचा वसंत सप्टेंबरात सुरू होतो. त्यांना मार्चचा सल्ला देऊ नका. महिना देशागणिक बदलतो. कंदाला महिने कळत नाहीत, त्याला ऊब कळते.

एक सूचना आणखी. परदेशातून येताना कुणी प्रेमानं कंद बॅगेत घालून आणतो. तसं करू नका. २००३ च्या आदेशानुसार लावण्याचे कंद परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय भारतात आणता येत नाहीत. मातीतून आलेली एक कीड शेजाऱ्याचं शेत बुडवू शकते. आपालाही मी हेच सांगितलं.

काड्या

'अम्मी'चा कोंब मेच्या मध्यावर, सातव्या आठवड्यात आला. मी त्या वेळी उत्तरपत्रिका तपासत होते. फोटोत मातीतून वर आलेला एक जांभळट ठिपका आणि त्याच्याशेजारी आपाचं बोट. 'बरकत' आला नाही. जूनमध्ये तिनं कुंडी उपडी केली तेव्हा कंद आत जसाच्या तसा घट्ट होता. तेव्हा मी तिला मानेचं खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना? पुढच्या वेळी सांगत जा." त्याचीही काडी कपाटात गेली.

ऑगस्टमध्ये तीन झाडं फुलली. 'अम्मी' सप्टेंबरात. फिकं जांभळं फूल, पाकळ्यांच्या टोकांना पांढरा रंग. दुल्हाभाईंच्या अम्मी सणावाराला ज्या रंगाची ओढणी घ्यायच्या, अगदी तोच. नाव का ठेवलं असेल ते आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी स्वतः आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या शरदात आपानं कंद स्वतः खणले. एका 'अम्मी'चे आता चार कंद झाले होते. डोळे वसंतात फुगले की स्पष्ट दिसतात, म्हणून वाटणी तेव्हाच करावी, हे तिला आता ठाऊक आहे. काल तिचा फोन आला. विचारायला नाही, सांगायला. डोळे फुगलेत. सुरी धुऊन ठेवली आहे. प्रत्येक वाट्याला एक तरी डोळा येईल असे तुकडे करून, एक दिवस सुकवून, एक भाच्याच्या घरी, एक मशिदीजवळच्या एका नव्या विधवा झालेल्या बाईंना आणि दोन घरी, असं तिनं ठरवलं आहे.

"त्या बाईंना काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"सांगेन, कुंडी खिडकीत ठेवा, आणि पाण्याची घाई करू नका," आपा म्हणाली. "बाकी त्यांचं त्यांना कळेल."